एका माणसाचा पन्हा

माझ्या सामानात सर्वांत जड असायची ती एका काळ्या सुती कापडाची घडी. गावात पोचले की कॅमेरा बाहेर काढण्याआधी मी ते कापड टांगायला जागा शोधत असे. शाळेची भिंत, उभ्या ट्रकची बाजू, दोन बाभळींना बांधलेली दोरी. काहीच नसलं तर दोन उत्साही माणसं हात वर करून उभी राहायची आणि फोटो होईपर्यंत एकमेकांना हसवत बसायची. कापड वरून सोडलं की त्याचा पदर जमिनीवर पसरायचा. ज्याचा फोटो घ्यायचा तो त्यावर पाय ठेवून उभा राहायचा. मग मागचा उकिरडा, विजेचे खांब, डोकावणारी पोरं, सगळं त्या काळ्यामागे जायचं आणि एक चेहरा उरायचा. मी साहित्याची विद्यार्थिनी. शब्दाभोवती मोकळी जागा ठेवली की शब्द ऐकू येतो, एवढं कवितेनं मला शिकवलं होतं. तीच जागा मी पुढे पाठीवर घेऊन हिंडले.

माणसं कॅमेऱ्याकडे नंतर बघत. आधी कापडाला हात लावत, दोन बोटांत धरून चुरगाळून पाहत आणि विचारत, हे कुठल्या मिलचं. माझ्या बाबांनी विणलंय, असं मी सांगितलं की त्यांचे खांदे सैल पडत. माझं निम्मं काम त्या वाक्यानं व्हायचं.

आमचं घर विणकरांचं. नागपूरला इतवारीच्या मागे ज्या वस्तीत मी वाढले तिथे जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून माणसं मागावर बसलेली असत, आणि गल्लीतून जाताना एका घरातल्या धोट्याची खटखट संपायच्या आत दुसऱ्या घरातली सुरू व्हायची. आता त्या घरांत मोबाइलची कव्हरं विकली जातात, शिकवण्या चालतात. बाबांनीही उत्तरायुष्य गांधीबागेतल्या एका कापडदुकानात यंत्रावरचं कापड मोजण्यात आणि फाडण्यात घालवलं. पण मागच्या खोलीतला माग त्यांनी मोडला नव्हता. मी फोटोंसाठी काळं कापड मागितलं तेव्हा ते आधी नाहीच म्हणाले. आमच्याकडे सणाला, लग्नाला लागणारी लुगडी विणली जात. नुसत्या काळ्या उभ्या सुताचा ताणा कोणी लावत नसे. काळ्याला ते शेवटी तयार झाले, पण माझी दुसरी अट त्यांच्या गळी उतरेना.

"बिनकिनारीचं कापड असते का वं?" ते म्हणाले. "ते तर चिंधी झाली."

किनार फोटोत दिसेल, लक्ष तिकडेच जाईल, हे मी परोपरीनं समजावलं. त्यांनी मान डोलावली. कापड मागावरून उतरलं तेव्हा त्याच्या एका कडेनं, वरपासून खालपर्यंत, बोटभर रुंदीची लाल किनार धावत होती.

"एकाच बाजूनं टाकली," ते म्हणाले. "दुसरी सोडली तुह्यासाठी."

कापडाच्या रुंदीला आमच्याकडे पन्हा म्हणतात. त्यांच्या मागाचा पन्हा लुगड्याचा, म्हणजे एका उभ्या माणसापुरता. दोघं उभे राहिले की कोणाचा तरी खांदा बाहेर उजेडात जायचा. म्हणून मी एकेकट्याचेच फोटो काढत गेले, आणि प्रत्येक फोटोतून ती लाल रेघ कापून टाकत गेले. संगणकासमोर बसले की माझ्या हाताचं पहिलं काम तेच असे.

त्या कापडासमोर एक बाई दर वर्षी उभी राहिली. तिच्या सासरचे लोक पिढ्यांपूर्वी कच्छकडून आलेले मेंढपाळ. धान निघालं की रामटेकच्या आसपासच्या मोकळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, त्यांचे कळप उतरत, शेतकरी खतासाठी मेंढ्या शेतात बसवून घेत, आणि उंटांवरून खाटा, भांडी, कोंबड्या, लेकरं उतरत. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती नवी नवरी होती आणि तोंडावर हात ठेवून हसत होती. तिची ओढणी काळ्या लोकरीची. काळ्यावर काळं विरघळून गेलं आणि फोटोत राहिले ते एक हसू, गळ्यातली चांदीची हासळी आणि दोन हात. दुसऱ्या वर्षी मी पुन्हा गेले. मग जातच राहिले. दर वर्षी एकच फोटो. ती न सांगता येऊन डावा खांदा लाल किनारीला लावून उभी राहायची. किनार ही तिच्यासाठी उभं राहायची खूण होती. घरी भिंतीवर तिचे फोटो मी ओळीनं लावले होते. गाल आत जात गेले, एक दात गेला, एका वर्षी हासळी नव्हती. मी कारण विचारलं नाही. बाकीची कामं लोकांनी सांगितली म्हणून केली. ही ओळ मात्र माझी होती, आणि आयुष्यभराच्या हिंडण्याचं काही शिल्लक राहिलं तर ते इथेच, असं मला मनातून वाटत असे.

गेल्या दिवाळीच्या आधी बाबांना अर्धांगाचा झटका आला. मी तेव्हा ओडिशाच्या सीमेवर होते. होते तशी, पाठीवरच्या एका पिशवीनिशी घरी आले. पुण्याचा भाऊ आला, दवाखान्याची धावपळ त्यानं मनापासून केली, आणि निघताना जिन्यात म्हणाला, "तू तशी मोकळीच असतेस." त्यात टोमणा नव्हता. त्याला नोकरी, शाळा, हप्ते. मला लग्न नाही, कार्यालय नाही, पत्ता नाही. त्याचं वाक्य त्यानं सरळ मनानं ठेवलं आणि ते दाराला बाहेरून कडी घातल्यासारखं बसलं.

तेव्हापासून मी बाबांनी जुनं घर सुटल्यावर घेतलेल्या, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आहे. खिडकी समोरच्या घराच्या भिंतीवर उघडते. त्या भिंतीचा निळा रंग सकाळी राखेसारखा, दुपारी तापल्या पत्र्यासारखा आणि संध्याकाळी काही क्षण जांभळासारखा दिसतो; प्रकाशाचं इतकं अरुंद राज्य मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास, त्याखाली जंतुनाशकाचा, त्याखाली बाबांच्या अंगाला लावलेल्या पावडरीचा. हातगाडीवाल्याच्या भोंग्यातून तोच रेकॉर्ड केलेला आवाज, रोज त्याच चालीत, संत्री संत्री म्हणत जायचा. पलंगपोस वाळत घालायला गच्चीवर गेले की उत्तरेला खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत. धूर आज कुठे कलतोय ते मी बघायची आणि खाली यायची. तेवढाच माझा प्रवास.

झोपून असलेल्या माणसाला ठरावीक वेळानं कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. नर्सनं शिकवलं होतं, एक चादर घडी करून त्याच्या पाठीखाली आडवी घालायची आणि दोघींनी दोन बाजूंनी ओढायची. दुसरी बाजू समोरच्या काकू धरत. बाजारातली चादर एके दुपारी मध्येच फाटली आणि बाबांचा खांदा पलंगाच्या दांडीवर आदळला. त्या दिवशी मी कॅमेऱ्याची पिशवी उघडली आणि काळं कापड काढून, चौपदरी करून, त्यांच्याखाली घातलं. नवी जाड चादर येईपर्यंत, असं स्वतःला सांगून.

झटक्यानंतर बाबांची भाषा विसकटली होती. माझं नाव गेलं, भावाचं गेलं, पाणी आणि भात हे शब्दही गेले. मागाचे शब्द तेवढे शाबूत होते आणि तेच सगळीकडे कामाला येत. चमच्याला ते धोटा म्हणत, सूत घेऊन मागावर ये-जा करतो तो. डाळीला खळ म्हणत, सुताला लावतात ती. काकू त्यावर म्हणाल्या होत्या की डाळ पातळ होते ती होते, पण म्हणून इतकं बोलावं का माणसानं. काळं कापड घातलं त्या दिवशी मात्र बाबांचा डावा, चांगला हात त्यावर फिरला, थांबला. त्यांनी कापडाचा कोपरा नाकाशी नेला आणि स्वच्छ आवाजात म्हटलं, "मेंढ्या."

मी ते कापड कितीदा तरी धुतलं होतं. तरी त्यात तिच्या कळपाचा वास उरला होता, आणि मला येईनासा झालेला तो त्यांना आला. कित्येक दिवसांनी मी मोठ्यानं हसले. नवी चादर आली तशीच कपाटात गेली.

मग एक दिवस उशीवर काळ्या सुताचा एक लहान पुंजका दिसला. बाबा कापडाच्या टोकाकडून बाण्याचा, म्हणजे आडव्या सुताचा, एकेक धागा उसवून काढत होते. धागा सापडेपर्यंत बोटं चाचपडत राहायची, मग चिमटीत धरून तो हळू, न तोडता, पन्ह्याच्या या कडेपासून त्या किनारीपर्यंत ओढून घ्यायचे. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीनं ते पाहिलं आणि तिला आनंदच झाला. ती म्हणाली, रबरी चेंडू दाबायला सांगते तर फेकून देतात. हे करू द्या, याहून चांगलं काही नाही. त्यामुळे मी करू दिलं. रोज संध्याकाळी पुंजका उचलायचा, आणि कापड रोज थोडं आखूड व्हायचं.

फाल्गुनात त्या मेंढपाळ बाईचा फोन आला. आवाजाआधी वारा आला, आणि घंटांचा किणकिणाट. मी फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिले. कळप मनसरच्या अलीकडे होता आणि उद्याचा दिवस तिथेच राहणार होता. मग मेंढ्या विकायच्या होत्या. मुलांनी कन्हानला जागा घेतली होती. धाकटा कोळशाच्या ट्रकवर लागला होता.

"बेन, इस बार आना है तो आ जाओ," ती म्हणाली. "अगली बार हम नहीं मिलेंगे, मकान मिलेगा."

भिंतीवरच्या ओळीत शेवटची जागा रिकामी होती आणि ती भरायला मला एक दुपार हवी होती. पुण्याला फोन केला. भावानं पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. काकूंना विचारलं. नातवंडांची शाळेची व्हॅन येईपर्यंत बसते म्हणाल्या, त्यापुढे एक मिनिट नाही. वर विचारलं, की इथून तिथवर गाडी दामटत जाऊन एका बाईचा एक फोटो, तो मोबाइलवर मागवता येत नाही का.

दुसरं काळं कापड मिळालं असतं. गांधीबागेत त्याचे ढीग आहेत. पण ती येऊन खांदा कुठे लावणार होती?

दुसऱ्या दिवशी सकाळचं सगळं उरकून मी नवी चादर काढली, काकूंच्या मदतीनं बाबांना वळवलं, चादर सरकवली आणि काळं कापड त्यांच्याखालून काढून घेऊ लागले. अर्धंअधिक आलं आणि अडलं. दुसरं टोक त्यांच्या मुठीत होतं.

"बाबा, मला आज हे हवंय. संध्याकाळी परत आणते."

मूठ सुटली नाही. मी ओढलं. आणखी ओढलं. आमच्या दोघांच्या मध्ये ते कापड पलंगभर ताठ झालं, आणि माझ्या हातांना इतका जोर आला होता की मीच चरकले. एवढ्या महिन्यांचं सगळं त्या ओढण्यात उतरलं होतं.

"काहून ओढून राहिली वं?" काकू म्हणाल्या. "मानूस आहे तो, दावणीचा बैल नाही. पडन ना."

बाबांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते ताणलेल्या कापडाकडे बघत होते. त्यांनी मूठ न सोडता अंगठा कापडावरून फिरवला, कातडं ताणून बसवलेल्या वाद्यावरून फिरवावा तसा, आणि म्हणाले, "काप."

आम्हाला वाटलं, आणखी एक चुकलेला शब्द. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी मान फिरवली. कापड ढिलं सोडून त्यांनी ते चिमटीनं आपल्याकडे ओढलं, घडी नीट केली, आणि बिनकिनारीच्या कडेला, बरोबर मध्यावर, नख लावलं.

"काप. इथं."

काकूंनी घरून कात्री आणली. मी नखाच्या खुणेवर एक चीर दिली. पुढे काय करायचं ते मला माहीत होतं; लहानपणी दुकानात त्यांच्याजवळ बसून मी ते हजारदा पाहिलं होतं. चिरेची एक बाजू त्यांनी धरली, एक मी. मी ओढलं आणि या वेळी त्यांनीही ओढलं. कापड सरळ रेषेत फाटत गेलं, लांब, कोरडा, खर्जातला आवाज करत. उन्हाच्या तिरिपेत सुताची धूळ उडाली आणि क्षणभर आमच्या जुन्या घरातल्या मागच्या खोलीचा, खळीचा आणि लाकडाचा वास आला. किनारीपाशी येऊन चीर थांबली. तिथलं सूत दुहेरी, ते हातानं फाटत नाही. बाबांचा चेहरा एका बाजूनं हसला.

"किनार," ते म्हणाले.

ती मी कात्रीनं कापली. उसवत आलेलं टोक त्यांच्याकडे राहिलं. दुसरा अर्धा भाग घेऊन मी जिना उतरले.

कामठीच्या रस्त्यावर डोक्यावर ऊन होतं आणि कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ ओठांवर बसत होती. कन्हानच्या पुलावर नदीचा वारा लागला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी दात आवळून गाडी चालवतेय. पुढे मोहाचा गोड, आंबूस वास आला, आणि दूर बांध्यांमध्ये मळक्या कापसासारखा पसरलेला कळप दिसला.

मी तिचे फोटो पहाटेच्या, तिरप्या उजेडात काढत आले होते. या वेळी माझ्या वाट्याला भर दुपार आली होती. उंटाच्या पाठीवरून उतरवलेल्या लाकडी चौकटीला दोन काठ्या बांधून आम्ही कापड टांगलं. ते तिच्या गुडघ्यांपर्यंतच पोचलं. फाटलेली कड तिनं हातात घेऊन पाहिली.

"बाकी कहाँ गया?"

मी सांगितलं. ती ऐकत होती आणि एकीकडे एका कोकराला पायानं दूर करत होती. मग म्हणाली, "बाबूजी ने आधा दिया? तो फोटो भी आधा देना." तोंडावर हात ठेवून हसली, नवरी असताना हसली होती तशीच, आणि डावा खांदा किनारीला लावून उभी राहिली.

कॅमेऱ्यातून पाहिलं तर कापडाखाली धानाची खुंटं होती, एक प्लास्टिकचा डबा, कोकराचे चार पाय आणि तिचे दोन. इतकी वर्षं ते काळ्या पदरावर ठेवलेले असत, मी त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. टाचांना भेगा, भेगांत माती, अंगठे बाहेरच्या बाजूला फाकलेले. दोन पावलं पुढे गेले असते तर चौकट कमरेवर तुटली असती आणि फोटो भिंतीवरच्या ओळीत नीट बसला असता. खिशात फोन थरथरत होता, काकूंचाच असणार. मी होते तिथूनच काढला.

निघताना तिनं घराचं सांगितलं. दार पूर्वेला आहे. कुलूप आणून ठेवलंय. "अब रोज़ ढूँढना पड़ेगा, चाबी कहाँ रखी," ती म्हणाली. आणि मग विचारलं, "तुम फिर कब निकलोगी?"

मी म्हटलं, माहीत नाही. पुढे गवत नाही असं कोणी सांगितल्यावर ती मान हलवते, तशी तिनं मान हलवली.

मी जिना चढले तेव्हा काकू दारात चपला घालून उभ्या होत्या. व्हॅन खाली येऊन थांबली होती. "आली वं बाई एकदाची," एवढंच म्हणून त्या उतरल्या. बाबा जागे होते. मी अर्धं कापड त्यांच्या छातीवर ठेवलं. त्यांनी ते नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. मग मी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यासमोर धरला. इतक्या वर्षांत त्यांनी तिचे सगळे फोटो पाहिले होते, पण किनार कापून टाकलेले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, तिच्या पायांकडेही नाही. लाल रेघेवर नख ठेवून ते वरपासून खालपर्यंत नेलं.

"सरळ," ते म्हणाले.

त्या फोटोतली किनार मी अजून कापलेली नाही. तो भिंतीवर लावला आहे. ओळीत तो बसत नाही, बाकीच्यांपेक्षा उजळ आहे आणि खाली पाय आहेत.

संध्याकाळी काकू परत आल्या, बाबांना वळवायचं होतं. सकाळी घातलेली नवी चादर बाबांनी चिमटीनं धरून बाजूला केली होती. तिच्यात त्यांच्या बोटांना काही सापडत नव्हतं. त्यांच्याकडचा अर्धा तुकडा घालून पाहिला, तो पुरला नाही. पाठ उचलली जायची आणि कंबर खाली राहायची. माझ्याकडचा अर्धा मी त्याला लागून घातला, थोडा वर चढवून. मग काकूंनी त्यांची बाजू धरली, मी माझी, आणि आम्ही त्यांना भिंतीकडच्या कुशीवर वळवलं. त्यांची बोटं सवयीनं उसवलेल्या टोकाकडे निघाली होती. वाटेत त्यांना नवी, फाटलेली कड लागली. तिथले धागे सुटेच होते. त्यांनी एक चिमटीत धरला आणि हळू ओढायला सुरुवात केली.

मी कूलरमध्ये पाणी भरायला उठले.